पोच घेतली का?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. लातुरात असे मेळावे आता अर्धे परदेशी असतात. निम्मी लेकरं पुण्या-बंगळुरूला, उरलेल्यांतली बरीच अमेरिकेत नाहीतर आखातात. त्यातला औसा तालुक्यातला एक माझ्या हाताखाली शिकलेला, वीस वर्षांपासून न्यू जर्सीत आहे. तो बोलायला उभा राहिला. तिकडे म्हणे स्थलांतरित समाजांतल्या साध्यासुध्या माणसांना, दुकानदारांना, नर्सबायांना, टॅक्सी चालवणाऱ्यांना दोन दोन दिवस बसवून शिकवतात. आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीला कसं भेटायचं, मायदेशातलं युद्ध थांबावं म्हणून त्याच्याकडे नेमकं काय मागायचं. तो स्वतः अशा एका वर्गात बसून आला होता आणि तसाच वर्ग परदेशातल्या मराठवाड्याच्या माणसांसाठी काढायचं त्याच्या मनात होतं.

त्यानंतर सभागृहात जे झालं त्याला चर्चा म्हणायला जीभ रेटत नाही. एकजण उठून म्हणाला, "घरचं भांडण परक्याच्या ओसरीवर कशाला नेता?" टाळ्या. मग एक बाई उठल्या, बुद्ध, ज्ञानेश्वर आणि गांधी ही तिन्ही नावं एका दमात घेतली आणि विश्वशांतीवर दहा मिनिटं बोलल्या. पुन्हा टाळ्या, आणि मी मागच्या रांगेतून पाहत होतो, बऱ्याच अंशी त्याच हातांच्या. तेव्हापासून चहाच्या टपरीवर आणि इथल्या दैनिकांच्या वाचकपत्रांत हा वाद चालू आहे आणि या दोन टाळ्यांमध्येच अडकला आहे. देशद्रोह की विश्वशांती? मधली सगळी जमीन पडीक.

माझं मत आधीच सांगून टाकतो. असं प्रशिक्षण द्यायला हवं, आणि परदेशात गेलेल्या आपल्या लेकरांना तर जरा जास्तच द्यायला हवं. पण त्या वर्गात फळ्यापाशी उभं राहणारं माणूस इथलं पाहिजे, ज्याच्या घराला युद्धाची किंवा दंगलीची झळ लागू शकते असं. वॉशिंग्टनचा सल्लागार फार तर दार कुठलं ते दाखवील. दारातून आत गेल्यावर काय मागायचं ते त्याला कुठून कळणार?

लोकप्रतिनिधीकडे जाऊन असं मागण्याला इंग्रजीत लॉबिंग म्हणतात. लॉबिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ब्रीफकेस येते, टक्केवारी येते, मंत्रालयाच्या सहाव्या मजल्याच्या गोष्टी येतात. ते चूक नाही, तसलं लॉबिंग आहेच. पण मराठवाड्यातला माणूस जन्मभर जे करतो त्याचं काय? तो निवेदन देतो. पीकविम्यासाठी, टँकरसाठी, डीपी जळाली म्हणून, शाळेला मास्तर नाही म्हणून. निवेदन देण्यात आपला हात धरणारं कुणी नसेल. निवेदन नीट देण्यात मात्र आपण कच्चे आहोत, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

आमच्या गावच्या पाणंद रस्त्यासाठी आम्ही पहिल्यांदा तालुक्याला गेलो ते दोन टेम्पो भरून, चाळीसेक माणसं. घोषणा दिल्या, कागद दिला, फोटो काढला. फोटो दुसऱ्या दिवशी छापूनही आला. आठ महिने काही हललं नाही. मग गावातल्या एका निवृत्त ग्रामसेवकांनी आम्हाला ओट्यावर बसवून घेतलं. "चाळीस जण गेले की सायब बाहेरच येत नाही, पाच जण गेले की खुर्ची देतो. एक कागद न्या, त्याच्यावर एकच मागणी लिहा. गट नंबर लिहा, शासन निर्णयाचा क्रमांक लिहा. अन् पोच घेतल्याबिगर पायरी उतरू नका." पोच म्हणजे आपल्या प्रतीवर त्यांचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. त्यानंतर दर सोमवारी आमच्यातलं कुणी ना कुणी तो आवक क्रमांक घेऊन जात राहिलं. तीन वर्षं लागली, पण रस्ता झाला. मुरूम पहिल्याच पावसात वाहून गेला, तो वेगळा लेख.

माझ्या विद्यार्थ्याने न्यू जर्सीच्या वर्गातल्या टिपणांची वही मला दाखवली तेव्हा मला हसूच आलं. इंग्रजीत सगळं त्या ग्रामसेवकांचंच होतं. अमेरिकेच्या कनिष्ठ सभागृहात ४३५ सदस्य, एकेकाच्या मागे साधारण साडेसात लाख लोकवस्ती. तेव्हा दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या सदस्याकडे जाऊ नका, आपल्याच सदस्याकडे जा, कारण त्याला तुमच्या मताची गरज आहे. बहुतेक वेळा सदस्य भेटत नाही, त्याच्या कार्यालयातलं पंचविशीतलं पोरगं किंवा पोरगी भेटते. तिला कमी लेखू नका, टिपण तीच लिहिणार आहे. एकच मागणी करा, विधेयकाचा क्रमांक सांगा. "शांततेसाठी प्रयत्न करा" असं म्हणालात तर तो आनंदाने होकार देईल आणि काहीही करणार नाही. आणि भेट झाल्यावर पत्र, पत्रानंतर फोन, फोननंतर पुन्हा भेट. याला आपल्याकडे पाठपुरावा म्हणतात. लॉबिंगला मराठी शब्द शोधत बसणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की तो आपल्या सरकारी पत्रव्यवहारात कधीपासून पडून आहे.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. १९७२च्या सिमला करारापासून भारताची भूमिका ठरलेली आहे. पाकिस्तानशी जे काही आहे ते दोघांनी आपसात, मध्ये तिसरा नको. मे २०२५मध्ये दोघांतला गोळीबार चार दिवसांनी थांबला तेव्हा त्याचं श्रेय अमेरिकेच्या अध्यक्षांनी घेतलं आणि दिल्लीला ते नाकारत बसावं लागलं. अशा वेळी लातूर-नांदेडची माणसं अमेरिकेच्या खासदारांकडे जाऊन "शांततेसाठी काहीतरी करा" म्हणू लागली, तर ज्या तिसऱ्याला आपण पन्नास वर्षं दाराबाहेर ठेवला त्याला आपणच पाट मांडून दिल्यासारखं होईल. या मुद्द्याची खिल्ली उडवणाऱ्यांना तो कळलेलाच नाही. मला तो कळतो आणि बराचसा पटतोही.

पण म्हणूनच तर शिकवायला हवं. न शिकलेला माणूस "मध्यस्थी करा" म्हणून येईल. शिकलेला माणूस त्या देशाच्या कायदेमंडळाच्या हातात काय आहे तेवढंच मागेल. तो आता तिथला नागरिक आहे, कर भरतो, मत देतो. त्याच्या कराच्या पैशातून कुठल्या राजवटीला शस्त्रं जातात, कुठल्या देशाची मदत थांबते, कुणाला व्हिसा नाकारला जातो, हे विचारणं हा त्याच्या घरचाच प्रश्न आहे. कोरियन वंशाच्या अमेरिकनांचं उदाहरण घ्या. कोरियन युद्ध २७ जुलै १९५३ला थांबलं ते नुसत्या युद्धविरामाने. शांतता करार अजून झालेला नाही. भाऊ इकडे, बहीण तिकडे, अशी माणसं म्हातारी होऊन मरत चालली. २०१७पासून अमेरिकेने स्वतःच्या पासपोर्टवर उत्तर कोरियात जायला बंदी घातली, त्यामुळे उरलीसुरली भेटही गेली. या लोकांच्या पाठपुराव्यातून २०२१ साली एक विधेयक आलं: युद्ध औपचारिकपणे संपवण्याच्या दिशेने पावलं टाका आणि निदान नातलगांना भेटण्यापुरता या बंदीचा फेरविचार करा. ते मंजूर झालं नाही. २०२३मध्ये पुन्हा मांडलं गेलं. बंदी अमेरिकेची, पासपोर्ट अमेरिकेचा, मागणारा अमेरिकेचा नागरिक. यात कुठल्या देशाच्या सार्वभौमत्वाला धक्का लागला?

आणि आपली स्मरणशक्ती एवढी कशी सोयीची? अमेरिकेतल्या भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६च्या कायद्याने मिळाला, आणि त्यासाठी जे. जे. सिंग नावाचा न्यूयॉर्कचा एक व्यापारी वॉशिंग्टनच्या सदस्यांचे उंबरे झिजवत होता. वर्षाला अवघ्या शंभर भारतीयांना प्रवेश, एवढीच ती सवलत होती. पण दार उघडलं. २००६ ते २००८ या काळात अणुकरारासाठी तिकडच्या भारतीयांनी खासदारांना पत्रं लिहिली, भेटी घेतल्या, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी अभिमानाचे मथळे दिले. किल्लारीच्या भूकंपानंतर जगभरातून तंबू, औषधं, पैसा आला. त्याला कुणी हस्तक्षेप म्हटलं नाही. म्हणजे अणुभट्टीसाठी खासदाराला भेटलं तर देशसेवा, आणि शांततेसाठी भेटलं तर घरचं भांडण ओसरीवर?

खरं तर परक्याच्या ओसरीवर भांडण नेणं मराठवाड्याला नवीन नाही. फक्त नेणारा दुसरा होता. १९४८ साली निजामाच्या बाजूने लंडनचे नामवंत वकील वॉल्टर मॉन्क्टन खिंड लढवत होते, चर्चिल ब्रिटिश संसदेत हैदराबादच्या बाजूने बोलत होते. ऑगस्टमध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार दाखल केली आणि १६ सप्टेंबरला, भारतीय सैन्याच्या पोलीस ॲक्शनच्या चौथ्या दिवशी, ती तिथं चर्चेलाही आली. त्या सगळ्या कागदपत्रांत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांची रयत कुठं होती? तिच्या बाजूने बोलणारी माणसं एकतर तुरुंगात होती, स्वामी रामानंद तीर्थांसारखी, नाहीतर सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांत. ते कॅम्प म्हणजे त्या काळचं आपलं परागंदा मराठवाडाच. त्यांच्या हातात बंदुकाही होत्या, हे लपवायचं कारण नाही. पण निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी काय चालवलंय ते दिल्लीपर्यंत पोचवण्याचं कामही याच बाहेर पडलेल्या माणसांनी केलं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी आमच्या लातुरातलाच वकील. दोन्हीकडची माणसं इथलीच होती.

त्या गोष्टीचा दुसरा भाग आपण मराठवाडा मुक्तिदिनाच्या, १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनात सांगत नाही. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर जे सूड घेतले गेले, त्यांची चौकशी करायला पंडित सुंदरलाल आणि त्यांचे दोन सहकारी त्याच वर्षाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानात गावोगाव फिरले. अत्यंत सावध अंदाजाने किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असं त्यांनी लिहिलं. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांपैकी दोन आपले: उस्मानाबाद आणि नांदेड. मेलेले बहुतांश मुसलमान होते आणि त्यांतल्या कितीजणांनी रझाकाराची टोपी कधी घातलीही नसेल. अहवाल दिल्लीला गेला आणि कित्येक दशकं कपाटात राहिला. माणसं फिरली, लिहिलं, कागद पोचवला. मागे लागणारं कुणी नव्हतं. पोच होती, पाठपुरावा नव्हता.

विरोधकांचा दुसरा मुद्दा मला पहिल्याहून जास्त अस्वस्थ करतो. बाहेर गेलेला माणूस गावातल्या माणसापेक्षा जास्त पेटलेला असतो. त्याच्या मनातलं गाव तो निघाला त्या दिवशी थांबलेलं असतं. त्यातून न्यूनगंड असतो, अपराधी वाटत असतं, आणि पैसा असतो. उत्तर आयर्लंडमधल्या तीसेक वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. त्या काळात बोस्टन-न्यूयॉर्कच्या दारूच्या गुत्त्यांत डबे फिरत होते आणि त्यातला पैसा शेवटी कुठं जातो, म्हणजे आयआरए या सशस्त्र संघटनेकडे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. श्रीलंकेत तमिळ वाघांच्या, म्हणजे एलटीटीईच्या, युद्धाला टोरांटो आणि लंडनच्या वर्गणीचा मोठा आधार होता. आणि लॉबिंगचं पक्कं शिक्षण घेतलेला परागंदा काय करू शकतो ते पाहायचं असेल तर सद्दामच्या विरोधातला इराकी नेता अहमद चलबी पाहा. उत्तम इंग्रजी, उत्तम सूट, वॉशिंग्टनच्या प्रत्येक दाराची किल्ली. १९९८मध्ये इराक मुक्तीचा कायदा, २००३मध्ये आक्रमण, आणि ज्या संहारक अस्त्रांसाठी हे सगळं झालं ती सापडलीच नाहीत. चलबीला प्रशिक्षणाची गरज नव्हती. बगदादच्या एखाद्या आईकडून परवानगी घेण्याची गरज होती.

तर मग हा धोका पत्करायचाच कशाला? कारण नकार दिला तरी धोका टळत नाही. शिकवलं नाही म्हणून बाहेरची माणसं गप्प बसत नाहीत. ती आधीच लॉबिंग करताहेत: देणग्यांतून, मोर्च्यांतून, घरच्या निवडणुकीत रात्री दोन वाजता केलेल्या फोनांतून. प्रश्न एवढाच की त्या गोंगाटात शांततेचा एखादा नीट लिहिलेला कागद असेल की नसेल. एप्रिल २००९मध्ये हजारो श्रीलंकन तमिळ ब्रिटिश संसदेसमोरच्या चौकात बसून होते. "युद्ध थांबवा" म्हणत होते आणि हातात वाघाचे झेंडे होते, ज्या संघटनेवर ब्रिटनमध्ये २००१पासून बंदी होती. कुठला खासदार त्या झेंड्याखाली येऊन उभा राहील? मे महिन्यात युद्ध संपलं, ज्या पद्धतीने संपायचं त्या पद्धतीने. मागणी खरी होती, माणसं मरत होती. पण दार ठोठावायला उशीर झाला होता आणि हातात चुकीची वस्तू होती.

आयर्लंडचं चाक मात्र फिरलं, आणि कुणी फिरवलं ते बघण्यासारखं आहे. १७ मार्च १९७७ला टिप ओनील, एडवर्ड केनेडी, मॉयनिहन आणि ह्यू कॅरी या अमेरिकेतल्या चार बड्या आयरिश वंशाच्या नेत्यांनी एकत्र पत्रक काढलं: हिंसा करणाऱ्यांना पैसा आणि पाठिंबा देऊ नका. आपल्याच मतदारांना दुखावणारं पत्रक, तेही सेंट पॅट्रिकच्या दिवशी. त्यांच्या मागे जॉन ह्यूम होता, उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातला शाळामास्तर, राजकारणात आलेला. मी मास्तर आहे म्हणून नाही सांगत, तो खरंच मास्तर होता. वर्षानुवर्षं अटलांटिक ओलांडून तो या लोकांच्या दिवाणखान्यात बसला आणि सांगत राहिला की तुमच्या डॉलरने माझ्या गल्लीत प्रेतं पडतात. पुढे १९९४ची शस्त्रसंधी आली, १९९८चा गुड फ्रायडे शांतता करार आला, आणि त्या वाटेवर अमेरिकेतल्या आयरिश लोकांचा दबाव शांततेच्या बाजूने कामी आला. तो दबाव घडवला गल्लीत राहणाऱ्या माणसाने. फळ्यापाशी इथलं माणूस हवं, असं मी वर म्हटलं ते याच्या जोरावर.

ही बाहेरची ऊब आतल्या घराला कशी लागते ते समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, हिंजवडी पुरे. गेली दोन-तीन वर्षं आरक्षणावरून आपल्या गावांत जे चाललंय, त्यात सगळ्यात कडक मजकूर कुठून येतो? माझ्या पाहण्यात तरी बहुतेक वेळा पुण्यातून, आणि अशा पोरांकडून ज्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर त्याच शेजाऱ्याचं तोंड पाहायचं नसतं. गावात राहणाऱ्याला विहीर सामाईक आहे, पेरणीला ट्रॅक्टर त्याचाच लागतो, मयताला खांदा त्याचाच लागतो. तो आठ दिवस बोलत नाही, नवव्या दिवशी बोलतो. ३० ऑक्टोबर २०२३ला बीड आणि माजलगावात लोकप्रतिनिधींची घरं पेटवली गेली. लोकप्रतिनिधीपर्यंत आपलं म्हणणं पोचवण्याचा हाही एक मार्ग आपल्याकडे आहे, आणि त्याचं प्रशिक्षण कुणी द्यावं लागत नाही.

गणपती आणि ईद जवळ आली की आमच्याकडे पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तीच माणसं, तोच चहा, "आपल्या गावाची परंपरा" वगैरे तीच भाषणं. मी बरीच वर्षं त्या बैठकीला हसत होतो. नंतर एकदा मिरवणुकीच्या वाटेवरून खरंच वाद झाला तेव्हा कळलं की त्या बैठकीचा उपयोग भाषणांसाठी नसतोच. दोन मोहल्ल्यांतल्या दोन माणसांकडे एकमेकांचे फोन नंबर असावेत आणि रात्री अकरा वाजता तो फोन उचलला जावा, एवढ्यासाठी ती असते. परदेशातल्या वर्गाला मी काही एक गोष्ट इथून द्यायची म्हटली तर ती ही. मराठवाड्याचा हिंदू अभियंता आणि मराठवाड्याचा मुसलमान डॉक्टर एकाच न्यू जर्सीत राहतात. एका सदस्याकडे दोघं मिळून गेले तर त्या पंचविशीतल्या पोरीच्या टिपणाला वेगळं वजन येईल. त्यांच्याकडे एकमेकांचा नंबर आहे का?

तिसरा आक्षेप मला मान्यच करावा लागतो. परदेशातल्या मराठवाड्याचा चेहरा म्हणजे इंजिनिअर, डॉक्टर, बहुतेक पुरुष, बहुतेक वरच्या जातींचे. तो कुणाच्या वतीने बोलणार? बीड, जालना, धाराशिवमधून दर हंगामात लाखो माणसं ऊसतोडीसाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेऊन, लेकरांची शाळा मोडून, पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत. परागंदा हा शब्द कुणाला लागू करायचा असेल तर आधी त्यांना. त्यांना आमदार भेटतो तो फक्त मतदानासाठी गाडी पाठवतो तेव्हा. मला वाटतं, आमच्या न्यू जर्सीवाल्याने वर्ग काढण्याआधी एक हंगाम फडावर जाऊन यावं. हा टोमणा नाही, युद्धात आणि दंगलीत पहिली मजुरी कुणाची बुडते ते तिथं चटकन कळतं.

आणि शेवटचा आक्षेप, जो सभागृहात कुणीच घेतला नाही आणि जो मी स्वतः या वर्गाच्या विरोधात असतो तर पहिल्यांदा घेतला असता. शांतता कुणाची? २७ जुलै १९७८ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. लॉबिंगच्या पुस्तकाप्रमाणे हा संपूर्ण विजय होता: मागणी एक, सभागृहं दोन, मत बाजूने. आणि थोड्याच दिवसांत मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळू लागल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना जिवे मारलं. मुंबईत हात वर करून ठराव झाला. गावात ज्यांनी तो पचवायचा होता त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. नंतर सोळा वर्षं काय सांगितलं गेलं? "वातावरण शांत होऊ द्या." शांततेच्या नावाने न्याय थांबवला गेला आणि त्या शांततेचं भाडं भरलं ते ज्यांची घरं जळली होती त्यांनीच. नागपूरहून लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले, नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, "मराठवाडा" हा शब्द शिल्लक ठेवून. तडजोड होती, पण ती सोळा वर्षांच्या पाठपुराव्याने कमावलेली होती.

म्हणून परदेशातल्या वर्गात जेव्हा "शांतता" हा शब्द फळ्यावर लिहिला जाईल, तेव्हा त्याच्यापुढे लगेच विचारलं गेलं पाहिजे: गप्प कोण बसणार आहे? कोणाचा हक्क पुढच्या वर्षावर ढकलला जाणार आहे? नुसत्या गोळीबार-बंदीचं निवेदन पुष्कळदा जो वर बसलेला आहे त्याच्या सोयीचं असतं. यावर विरोधक म्हणतील, मग शांतता मागूच नका, न्याय मागा. मी म्हणतो, दोन्ही एकाच कागदावर मागता येतात, पण त्यासाठी कागद लिहिणाऱ्याला १९७८ ठाऊक पाहिजे. आणि सदस्याकडून मत मिळवून आल्यावर काम संपत नाही, गावात परत जाऊन बसावं लागतं, हेही ठाऊक पाहिजे. वॉशिंग्टनचा कुठला सल्लागार हे शिकवील?

मेळावा संपल्यावर तो मला बसस्टँडजवळच्या टपरीवर घेऊन गेला. "सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत." मी म्हटलं, अरे, आधी तुझा कागद दाखव. तीन पानं होती. काश्मीर, युक्रेन, गाझा, सुदान, दहशतवाद, मैत्री, संवाद. मी खिशातलं पेन काढलं आणि दोन चहा होईपर्यंत आम्ही खोडत बसलो. शेवटी एक मागणी उरली, ती इथं लिहीत नाही, ती त्याची आहे. मग मी विचारलं, शिकवायला कोणाला बोलावतोयस? त्याने दिल्लीतल्या एका निवृत्त राजदूतांचं नाव सांगितलं. मी त्याला तीन नावं दिली. एक आमचे ते ग्रामसेवक. एक नांदेडच्या बाई, ज्यांच्या वडिलांचं घर १९७८ला जळालं. आणि एक सीमेवरून निवृत्त होऊन आता उदगीरला किराणा दुकान चालवणारे सुभेदार. विमानाचं तिकीट महाग आहे म्हणाला, विचार करून कळवतो म्हणाला. त्याला आता दीड महिना होऊन गेला. मी दर सोमवारी त्याला एक मेसेज टाकतो.